फोटोमागची डबी

सात रस्ता, सोलापूर
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय रुद्राणी अक्का,

तुला नमस्कार, आणि तुझ्या पोटातल्या त्या लाथा मारणाऱ्या पाहुण्याला मावशीचा एक हलका धपाटा. मी ठीक आहे. हॉस्टेल ठीक आहे. मेसची आमटी तेवढी ठीक नाही, पण ती कधीच नव्हती.

आजच्या काळात पत्र कोण लिहितं म्हणून हसू नकोस. तुझा फोन तुझ्या सासूबाईंच्या उशाशी असतो आणि माझा मेसेज आला की त्या अख्ख्या घराला मोठ्यानं वाचून दाखवतात, हे तूच सांगितलंस. मागं मी ‘दाजींचं पोट सुटलंय’ असं लिहिलं, तर बिचाऱ्या दाजींनी आठवडाभर भाकरी कमी केली. तसलं पाप परत नको. माझ्या वर्गातली अर्शी आहे ना, विजापूर वेशीतली, तिचा भाऊ गौस दर सोमवारी टेम्पो घेऊन मंगळवेढ्याला येतो. त्याच्याकडं शेंगाचटणीची पिशवी देतेय. पत्र तिच्या तळाशी आहे. चटणी सासूबाईंना दे, पत्र तू घे.

शुक्रवारी आमच्या कॉलेजनं एका क्लबात नेलं होतं. हॉटेल मॅनेजमेंटच्या पोरांनी मोठी ठिकाणं आतून बघावीत म्हणून. कंट्री क्लब म्हणतात त्याला. गावाबाहेर माळावर, खासगी. मेंबर असल्याशिवाय आत सोडत नाहीत, फाटकावर बोर्डसुद्धा नाही, नुसतं लोखंडी फाटक आणि बंदूकवाला. अक्का, आपल्याकडं नळाला चार दिवसाआड पाणी, आणि तिथं गवतावर भर दुपारी फवारे उडत होते. अर्शी म्हणाली, “मेरे कू इधरच गवत बना के छोड देव.” आम्ही लई हसलो.

आतलं स्वयंपाकघर बघून तर मी खुळीच झाले. अप्पा मुनीम आहेत त्या अख्ख्या अडत दुकानाएवढं, आणि जमिनीवर पाण्याचा थेंब नाही. मॅनेजर तरुण होता, इंग्रजीच बोलायचा, पण सोलापुरीच होता, कारण चिडला की ‘काय की बे’ म्हणायचा. त्यानं रुमालाच्या घड्या घालायला शिकवलं. नंतर मेंबर लोकांचं कसलं तरी जेवण होतं आणि माणसं कमी पडली, म्हणून आमच्यातल्या काहींना वाढायला घेतलं. मलापण घेतलं. ते असू दे.

दुसरं काही खास नाही.

एक विचारायचं होतं. अज्जीचं गळ्यातलं इष्टलिंग एकदा विहिरीवर दोरा तुटून पडलं होतं ना? तेव्हा नक्की काय केलं होतं? मला एवढंच आठवतं की ते सापडेपर्यंत ती घोटभर पाणीसुद्धा प्यायली नव्हती. पण सापडलं नसतं तर काय करतात? नवीन घेतात, की मठात जाऊन सांगावं लागतं? एका मैत्रिणीला पाहिजे होतं. तिनं काही मुद्दाम केलं नव्हतं.

आणि मालकांचा तुमच्याकडं काही फोन वगैरे आला नव्हता ना? सहज विचारलं. अप्पा म्हणत होते की ते शुक्रवारी बँकेच्या कामाला सोलापूरला आले होते. बावीस वर्षं मुनीमगिरी केली, पण मालक कुठं गेले, काय जेवले, हे अप्पा अजून देवाची बातमी सांगावी तसं सांगतात.

इथं थंडी पडायला लागली आहे. सारखा गळ्याशी हात जातो. थंडीनंच जात असेल.

तब्येतीला जप.
तुझी सिद्धू

वाचून झालं की पत्र चुलीत घाल. म्हणजे आपली गंमत म्हणून.


सात रस्ता, सोलापूर
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

अक्का,

गौसनं सोमवारीच तुझी चिठ्ठी आणून दिली. एवढ्या मोठ्या कागदावर एकच ओळ: “सिद्धू, काय केलंस?” तू लहानपणी असंच विचारायचीस, आणि मी लगेच रडून सगळं सांगून टाकायचे. तुझ्या या अवस्थेत तुला घोर लावायचा नव्हता गं. पण माझ्यानं आता हे एकटीनं वाहवत नाही. तू खाली बस, पाणी पी आणि मग वाच.

मैत्रीण वगैरे कुणी नाही. लिंग माझंच गेलंय.

वाढायला घेतलं तेव्हा त्यांनी पांढरा शर्ट आणि काळा बो दिला. मॅनेजर म्हणाला, गळ्यात काही नको, हातात काही नको, सगळं काढून या टबात टाका, जाताना घ्या. पोरांनी घड्याळं टाकली, मोबाईल टाकले, आणि त्याच टबात चामड्याचे पट्टे टाकले. मी लिंगाचा शिवदोरा मुठीत धरून उभी. दीक्षेपासून अंघोळीलासुद्धा काढला नाही, आणि आता पट्ट्यांवर टाकू? मी म्हणायला पाहिजे होतं की मी नाही वाढणार. पण तसं म्हटलंच नाही. सगळे बघत होते, मार्क त्याच्या हातात होते, आणि खरं सांगू, मला तो काळा बो घालून मिरवायचं होतं.

बारच्या दाराबाहेर भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात सिद्धरामेश्वरांचा मोठा फोटो, पुढं विजेची समई. मला वाटलं, यापेक्षा चांगली जागा कुठली? देवाजवळ देव. मी नमस्कार केला आणि लिंगाची डबी दोऱ्यासकट फोटोच्या मागं सरकवली. कुणी पाहिलं नाही. अप्पांनी मला इथं शिकायला सोडताना एकच अट घातली होती, गळ्यातलं आणि ताटातलं सांभाळ. ती अट मी तिथं फोटोमागं ठेवून गेले.

मला ग्लासांचा ट्रे दिला. दारूचे. मी बेकरी शिकते असं अव्वा सगळ्यांना सांगते, आणि तिची पोर दारूचा ट्रे घेऊन चाललेली. कोपऱ्यातल्या टेबलावर चौघं बसले होते. एकाची पाठ माझ्याकडं होती, लाल टी-शर्ट, हातात कोंबडीची तंगडी. मी ट्रे पुढं केला आणि तो माणूस वळला.

मालक होते, अक्का. आपले शिवलिंगप्पा मालक. कपाळावर विभूती नाही, डोक्यावर टोपी नाही. ज्यांच्यासमोर अप्पा खुर्चीवर बसत नाहीत, ते मालक.

मला वाटलं ओरडतील, उठतील, निदान तोंड तरी लपवतील. त्यातलं काहीच केलं नाही. माझ्याकडं नीट बघितलं, माझ्या ट्रेमधून एक ग्लास उचलला आणि ‘थँक यू’ म्हणाले. आपल्या घराण्यातल्या कुणालाही मालकांनी आजवर थँक यू म्हटलेलं नाही. ट्रे कसा परत नेला, मला माहीत नाही.

थोड्या वेळानं मी पळतच कोनाड्याशी आले, फोटोमागं हात घातला, डबी मिळाली. घातली गळ्यात आणि बसमध्ये बसून वाटभर सिद्धरामेश्वरांचं नाव घेतलं. अर्शी विचारत होती, “भूत देखी क्या?”

हॉस्टेलवर येऊन पूजेला डबी उघडली. तुला आठवतंय, माझ्या डबीत अव्वाच्या हिरव्या इरकलीचा तुकडा आहे. यात पिवळं रेशीम निघालं. अत्तराचा वास, आणि लिंग माझ्यापेक्षा मोठं. दोरापण माझा नव्हता, घाईत मला कळलंच नव्हतं.

तू आता ओळखलं असशील. माझ्या दीक्षेच्या वेळी मालकांनी अक्कलकोटच्या सोनाराकडून एकसारख्या दोन डब्या करून घेतल्या होत्या, एक स्वतःला, एक मला. झाकणावर बेलाची तीन पानं. तुझी साधी म्हणून तू रुसून बसली होतीस, आणि मुनीमाच्या पोरीच्या गळ्यात मालकांसारखी डबी म्हणून अप्पा गावभर सांगत फिरले होते. तर मालकही दारू प्यायच्या आधी लिंग काढतात, आणि तेही त्याच फोटोमागं ठेवतात. टेबल सोडून ते माझ्याआधी निघून गेले असणार, आणि नशेत हाताला लागली ती डबी घेतली. माझं त्यांच्याकडं गेलं. त्यांचं माझ्याकडं आलं.

आता मी त्यांच्या लिंगाची रोज पूजा करते. परक्याचं लिंग हातावर घ्यायचं नसतं म्हणतात. पण मग त्याला तसंच पारोसं ठेवायचं का? ते काय दारू प्यायलं नव्हतं. मी डोळे मिटून पाणी घालते, बेल वाहते आणि म्हणते, बाबा, तू कुणाचाही असशील, मला सोडव.

मंगळवारी अप्पांचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. “सिद्धू, मालकांनी तुझी चौकशी केली गं. पोरगी कुठं ऱ्हाती, हॉस्टेल कसलं हाय, वार्डन कोण हाय, समदं इचारलं. येवढा मोठा मानूस, पर मन बघ की.” मी फोन ठेवला आणि खोलीच्या दाराला आतून कडी लावली.

गुरुवारी खिडकीतून त्यांची पांढरी गाडी दिसली. रसवंतीसमोर उभी होती. कुणी उतरलं नाही. बऱ्याच वेळानं निघून गेली. शुक्रवारी परत. मी कॉलेजला गेलेच नाही.

प्रभुलिंग आठवतो का? अडतीत तोलायला होता तो. अक्कलकोट स्टेशनच्या गाड्यावर ऑम्लेट खाताना कुणीतरी बघितला, तर मालकांनी भर बाजारात त्याच्या गळ्यातल्या दोऱ्याला हात घालून विचारलं होतं, हे कशाला घालतोस? त्याला आपल्या दुधनीत परत कुणी काम दिलं नाही. त्याची बायको आपल्याकडं ताक मागायला यायची आणि अव्वा दार लावून, लपवून द्यायची. तो मालकांसमोर काहीच बोलला नव्हता. त्याच्याकडं बोलायला काही नव्हतं. माझ्याकडं आहे, म्हणून मला जास्त भीती वाटते.

आणि सगळ्यात मोठी भीती ती नाहीच, अक्का. अप्पांची नोकरी जाईल, गाव नावं ठेवेल, ते होईल तेव्हा होईल. पण मी अप्पांना हे सांगितलं आणि अप्पा म्हणाले की मालक असं करणारच नाहीत, तू खोटं बोलतेस, तर? बावीस वर्षं एकीकडं आणि मी एकीकडं. मी तागडीत स्वतःला किती वेळा घालून बघितलं, दर वेळी मीच वर जाते.

अर्शीला सगळं सांगितलं. ती म्हणते कुरियर करून टाक, विषय संपला. मी म्हटलं, लिंग कुणी कुरियर करतं का गं येडे? तर म्हणते, “तो फिर डरती बैठ.” मग मला जवळ घेऊन माझ्यापेक्षा जास्त तीच रडली.

हे लिहितानाच फोन आला. मालकांचा. माझा नंबर अप्पांनीच दिला असेल, कौतुकानं. म्हणाले, “उद्या सकाळी हॉस्टेलवर येतू. आमचं कायतरी तुझ्याकडं ऱ्हायलंय न्हवं? काढून ठेव.” मी व्हय म्हटलं.

उद्याचं काय ते कळवीन. तू मात्र अप्पांना फोन करू नकोस, तुला तुझ्या बाळाची शप्पथ. ही शप्पथ घालायला नको होती, पण घातली.

घाबरलेली,
सिद्धू


दुधनी
सोमवार, ८ डिसेंबर २०२५

प्रिय अक्का,

आठवडाभर तू फोनवर नुसतं ‘बरी आहेस ना, बरी आहेस ना’ करत होतीस आणि मागं सासूबाईंचा खोकला ऐकू येत होता. मीपण बरी आहे, बरी आहे म्हणत राहिले. या वेळी पत्र सरळ पोस्टात टाकणार आहे. सासूबाईंनी फोडलं तर फोडू दे. हवं तर मोठ्यानं वाचू दे. आता लपवायला काही उरलं नाही.

मालक गेल्या सोमवारी आले. पांढरं धोतर, कपाळभर विभूती, हातात केळ्यांचा घड. वॉर्डनबाई त्यांच्या पाया पडल्या आणि आम्हाला भेटीच्या खोलीत सोडून चहा सांगायला गेल्या. मालक म्हणाले, “बस की पोरी.” मी उभीच राहिले. त्यांनी खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. झाकणावर तीच बेलाची तीन पानं. मीही गळ्यातली काढली, कपाळाला लावली आणि त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उघडून बघितलीसुद्धा नाही. टोपी घालावी तशी गळ्यात अडकवली.

“म्या काय बगितलं न्हाय,” म्हणाले. “तू काय बगितलं न्हाईस.”

“व्हय मालक.”

“अप्पाला काय बोललीस?”

“न्हाय मालक.”

“शाणी हायस.” दारात जाऊन परत वळले. “हितं खोलू नगं. वर खोलीत जाऊन बघ.”

मी जिना चढून खोलीत गेले. डबी उघडली. आत अव्वाचा हिरवा तुकडा होता, नीट घडी घातलेला. लिंग नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. खाली गाडीत बसूनच करत होते, मला खिडकीतून दिसत होते. कधी आवाज चढवला नाही, अगदी वडीलधाऱ्यासारखं बोलत होते. “तुझं लिंग माझ्या देवघरात हाय. जपून ठिवलंय. तुझ्या लग्नात म्याच तुझ्या गळ्यात घालीन. तवर गप ऱ्हा. न्हायतर मलाच चार लोकांत सांगावं लागंल, शंकरप्पाची पोर बारमधी दारू वाढत हुती अन् लिंग तितंच इसरली. शंकरप्पाला आजवर कुनी बोट लावून बोललं न्हाय. तू लावू नगंस.” मग गाडी गेली. केळी वॉर्डनबाईंनी सगळ्या मुलींना वाटली.

त्यानंतर मी रिकामी डबी घालून फिरले. वजनात असा कितीसा फरक पडतो? पण चालताना कळायचं. रोज सकाळी अंघोळ करून बसायचे आणि डावा हात पुढं धरायचे, आणि हातावर काहीच नसायचं. माझं लग्न म्हणजे अजून किती वर्षं, अक्का? आणि लग्नात तो माणूस माझ्या गळ्याला हात लावणार? हा विचार आला आणि माझी भीती एकदम रागानं भरली. गेली नाही हं, नुसती भरली.

शनिवारी घरी आले. दोन दिवस अव्वा माझ्या तोंडाकडं बघून म्हणत होती की मेसमध्ये खायला घालत नाहीत वाटतं. आज पहाटे अप्पा पूजेला बसले. नेहमीसारखे, पुढ्यात तांब्या, विभूती, बेल, डाव्या तळहातावर लिंग. मी त्यांच्यासमोर पाट टाकून बसले. माझी डबी उघडली आणि हिरवा तुकडा काढून त्यांच्यासमोर पसरला. अप्पांनी तुकड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. पूजा थांबवली नाही, पण त्यांच्या हातावरचं पाणी सांडलं.

मी सगळं सांगितलं. बो, ट्रे, फोटो, कोंबडी, थँक यू, गाडी, केळी. माझं काय चुकलं ते आधी सांगितलं, मालकांचं नंतर. माझा आवाज इतका थरथरत होता की मलाच ते खोटं वाटायला लागलं. फोटोचं सांगितलं तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले, “फोटोमागं?” मी म्हटलं, व्हय, फोटोमागं.

पूजा आटोपून उठले. अव्वाला म्हणाले, “च्या झाला का?” चहा प्याले. खुंटीवरून अडतीच्या किल्ल्यांचा जुडगा घेतला, कंबरेला खोचला आणि निघून गेले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

अक्का, आजच्या दिवसासारखा दिवस शत्रूलाही नको. तुरीचा हंगाम तोंडावर आलाय, गाड्या यायला लागल्यात, आणि प्रत्येक ट्रॅक्टर वाजला की मला वाटायचं मालकांची गाडीच दारात आली. मला खात्रीच झाली की अप्पा सरळ मालकांकडं गेले, हात जोडले आणि म्हणाले, पोर चुकली, पदरात घ्या. तेच बावीस वर्षं करत आलेत. अव्वाला मी काही सांगितलं नव्हतं. ती बिचारी कडक भाकरी थापत मला सोलापूरच्या गमती विचारत होती, आणि मी सांगत होते. कसल्या गमती सांगितल्या, आता एकही आठवत नाही. दुपारी मी बॅग भरून ठेवली. अप्पा घरात ठेवून घेतील की नाही, याचा भरवसा नव्हता.

दिवेलागणीला आले. पायी. मी खिडकीत होते. त्यांनी डावी मूठ छातीशी धरली होती आणि उजव्या हातानं फाटकाची कडी काढत होते. नेहमी एका झटक्यात निघणारी कडी त्यांना जमेना. मीच पळत गेले. मला म्हणाले, “हात धू.”

मी हात धुऊन आले. त्यांनी माझा डावा तळहात स्वतःच्या हातात घेतला, त्यावर मूठ उघडली. माझं लिंग होतं. बाजूचा तो बारीक टवका, तू लहानपणी झोपाळ्यावरून मला ढकललं होतंस तेव्हाचा. अप्पांनी विभूती लावली, स्वतःच्या हातानं डबीत ठेवलं, डबी माझ्या गळ्यात घातली.

मग ओसरीवर बसून सांगितलं. खाली बघून, तुटक तुटक. दर सोमवारी मालकांच्या देवघरात बेल वाहायचं काम अप्पांचंच असतं, मालकांना वेळ नसतो म्हणून. आज गेले, बेल वाहिला. तिथंही सिद्धरामेश्वरांचा फोटो आहे, चांदीच्या चौकटीचा. अप्पा त्याच्यापुढं बराच वेळ उभे राहिले. “पोरी, तुला खरं सांगतू,” मला म्हणाले. “फोटोमागं हात घालताना देवाला म्हनत हुतो, काय सापडू देऊ नगंस.”

मी खोटी ठरावी असंच त्यांना वाटत होतं. पण हात घातला, अक्का. बावीस वर्षांत ज्या घरात अप्पांनी विचारल्याशिवाय पाण्याचा तांब्या उचलला नाही, तिथं त्यांनी माझ्यासाठी देवामागं हात घातला.

तेवढ्यात अव्वा दिवा घेऊन बाहेर आली. तिनं अप्पांच्या कंबरेकडं बघितलं आणि जागच्या जागी थांबली. “याक री, काय झालं? किल्ल्या कुटं हायत?”

अप्पा म्हणाले, “फोटोमागं ठिवल्या.”

अव्वाला काही कळलं नाही, आणि कळल्यासारखंही झालं. तिनं दिवा खाली ठेवला आणि अप्पांच्या शेजारी बसली. मग मी तिलाही सांगितलं.

मालकांचा अजून फोन आलेला नाही. फोटोमागं हात घालायची त्यांना सवय आहे, म्हणजे किल्ल्या सापडायला वेळ लागायचा नाही. सापडल्यावर काय होईल ते प्रभुलिंगच्या बायकोला विचारावं. मी खूप घाबरले आहे, अक्का. आतल्या खोलीत बसून लिहितेय. अप्पा जेवले नाहीत, ओसरीवरच बसून आहेत. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की त्यांचा हात कंबरेशी जातो, तिथं काही सापडत नाही, आणि मग ते माझ्या खोलीकडं बघतात. मी गळ्यातली डबी हलवून दाखवते. ते मान हलवतात.

जमलं तर दाजींना घेऊन ये. आलीस तर त्यांच्याशी पाऊसपाण्याचं बोल, बाळाचं बोल, पण किल्ल्यांचं विचारू नकोस.

शंकरप्पा मुनीमांची नव्हे, नुसत्या शंकरप्पांची लेक,
तुझी सिद्धेश्वरी